गाठीजवळची खळगी

मी एक जुनी पोलादी प्लेट आहे. जेवायची नव्हे, मित्रांनो. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद ताट कोणाच्या घरात मावणार? मी छापायची प्लेट आहे. कपाटाच्या दारावर, शाळेच्या बाकावर, दवाखान्यातल्या टेबलावर लाकडासारखा दिसणारा एक पातळ, कडक थर चिकटवलेला असतो. त्याला लॅमिनेट म्हणतात. त्यावरून हात फिरवला की लाकडाच्या रेषा बोटांना लागतात. त्या रेषा माझ्यासारखीने उठवलेल्या असतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी लाकडाला कधी शिवलेले नाही. दोन फळ्यांची एकूण एक रेघ माझ्या अंगावर आहे, पण उलटी. लाकडात जिथे खाच आहे तिथे माझ्यावर उंचवटा, आणि लाकूड जिथे वर आलेले आहे तिथे मी खोल. मला त्या फळ्यांवर ठेवले असते तर आमच्यात केस शिरण्याइतकी फट उरली नसती. पण मी घडले तोपर्यंत त्या फळ्या जगात नव्हत्या.

जन्मले तेव्हा मी अगदी कोरी होते. आरसा म्हणून भिंतीला टांगली असती तरी चालले असते. मग कारखान्याच्या डिझाइन विभागातल्या एका बाईने माझ्यावर लाकूड उतरवले. त्यासाठी पटाशी लागत नाही. जिथे पोलाद जसेच्या तसे राहायला हवे तिथे शाईचा थर द्यायचा, आणि उरलेला भाग आम्लाला खाऊ द्यायचा. मग धुवायचे. पुन्हा शाई, पुन्हा आम्ल. असे सहा वेळा झाले. शेवटी क्रोमचा कडक मुलामा चढला आणि मी कामाला लागले.

काम सांगायला सोपे आहे. राळेत भिजवून वाळवलेल्या कागदांची चळत रचायची. सगळ्यात वरच्या कागदावर लाकडाचा फोटो छापलेला असतो. त्यावर मला पालथी घालायची आणि प्रेसमध्ये सारायची. आत इतकी उष्णता आणि इतका दाब असतो की तासाभराने कागद हा कागद राहत नाही. माझ्या अंगावरचे सगळे त्याच्या अंगावर उतरते. फोटो डोळ्यांसाठी असतो, मी बोटांसाठी.

अडचण अशी की राळेत भिजला की कागद वाढतो. फार नाही, दोन-तीन मिलिमीटर. तेवढ्याने डोळ्यांना दिसणारी रेघ एकीकडे राहते आणि बोटांना लागणारी दुसरीकडे. गिऱ्हाइकाला काय चुकले ते सांगता येत नाही, पण तो हात काढून घेतो. माझ्या आधी तीन प्लेटा याच कारणाने बाद झाल्या होत्या. कागद किती वाढणार हे आधीच ओळखून तितका फोटो आखूड छापायचा, हे त्या बाईने वर्षभर खपून जमवले. प्रत्येक नमुना ती आधी डोळे मिटून चाचपायची, मग डोळे उघडून बघायची, मग पुन्हा मिटून. कामगारांनी तिचे नाव ‘आंधळी कोशिंबीर’ पाडले होते. प्रेस चालवणारे मास्तर त्यात पुढे असत. पण एक दिवस तिने मास्तरांना आपल्या वडिलांविषयी सांगितले आणि त्या दिवसापासून त्या खोलीत ते नाव कोणी घेतले नाही.

मला जे माहीत आहे ते सगळे मी अशाच बोलण्यातून ऐकलेले आहे. मास्तर मऊ कापडाने मला पुसत असायचे, आणि ती स्टुलावर बसून बोलायची.

तिचे वडील सुतार. चाळीस वर्षे त्यांनी रंधा चालवला. मग काचबिंदूने डोळे गेले, आधी कडांनी, मग मधून. मुलगी लाकडाचे लॅमिनेट करते हे त्यांना पहिल्यापासून पटले नव्हते. ते त्याला लाकडाचे सोंग म्हणत. तरी ती दर नवा नमुना घरी न्यायची आणि त्यांच्या पुढ्यात ठेवायची. ते हात ठेवायचे, आणि क्षणभरात निकाल द्यायचे, “गार आहे.” बस्स. तिने चकाकी काढली, रेषा खोल केल्या, लाकडाची बारीक छिद्रे तिरकी केली. निकाल तोच. मास्तर तिला म्हणाले की तुमचे बाबा परवडले, आपले साहेब नाही म्हणायला चार पाने लिहितात. ती हसली. पण घरी जाताना तो नमुना तिने पिशवीत टाकलाच.

त्या घरात एक टेबल होते. वडिलांनी लग्नाच्या आधी केलेले, सहा फुटांचे, एकाच रुंद झाडाच्या दोन फळ्या जोडून. त्यावर भाजी चिरली गेली, अभ्यास झाला, शिवणाचे मशीन चालले, आजारपणात औषधांच्या बाटल्या मांडल्या गेल्या. आई गेल्यावर आणि डोळे गेल्यावर वडील दिवसभर त्याच टेबलाशी बसायचे. त्यांचा उजवा हात पुढे-मागे फिरत राहायचा. कोणी विचारले तर म्हणायचे, वर्तमानपत्र वाचतोय.

मग वाळवी लागली. बाहेरून काही दिसत नव्हते. एक दिवस टेबलाचा पाय बसला, आणि कळले की आत नुसता भुगा आहे, वर पापुद्रा तेवढा शाबूत. चार दिवसांसाठी वडील आत्याकडे गेले होते. त्या चार दिवसांत मुलीने आधी टेबलाचे फोटो काढले, मग त्यावर पातळ रबर ओतले. ते सुकल्यावर सोलून काढले आणि पूर्ण ठसा गुंडाळून कारखान्यात आणला. वाळवी घरभर पसरू नये म्हणून टेबल बाहेर काढून जाळावे लागले. ठशाबद्दल ती घरात काही बोलली नाही. सोंग म्हणणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचे?

वडील परत आले. टेबल गेले म्हटल्यावर म्हणाले, जाऊ दे, त्याचंही वय झालं होतं. त्या जागी घडीचे गुळगुळीत टेबल आले. ते त्याला हात लावत नसत. हात मांडीवर ठेवून बसत, आणि मांडीवरची बोटे मात्र पुढे-मागे हलत राहत. तिने मास्तरांना सांगितले की मला ते बघवत नाही. त्यांच्या हाताखाली ते टेबल पुन्हा आणून द्यायचं आहे, तेवढं झालं की मग नोकरी राहिली काय नि गेली काय.

त्या ठशावरून मी झाले. टेबल सहा फुटांचे आणि मी आठ फुटांची. उरलेल्या दोन फुटांचे लाकूड तिने मनाने रचले. त्याच रेषा पुढे वाढवल्या, कुठे भिडवल्या, कुठे विरू दिल्या. जोड कुठे आहे ते साहेबांना भिंग लावूनही सापडले नाही.

पण साहेबांना दुसरेच काहीतरी सापडले. माझ्या एका कोपऱ्याजवळ लाकडाची गाठ आहे आणि तिच्या शेजारी बोटाच्या पेराएवढी एक खळगी. म्हणजे माझ्यावर अर्थात ती उंचवट्याच्या रूपात आहे. साहेब म्हणाले की ही घालवा. लॅमिनेटची दोन शीट शेजारी लावली की एकाच जागी एकच खळगी दोनदा दिसणार, आणि झाड कधी स्वतःची नक्कल करत नाही. गिऱ्हाईक एका नजरेत ओळखेल. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. हे तिलाही कळत होते. ती एवढेच म्हणाली की ही खळगी झाडाची आहे, मी केलेली नाही. आठ दिवसांची मुदत मिळाली. त्यानंतर माझा तो कोपरा घासून सपाट होणार होता.

मास्तरांनी तिला विचारले, “ताई, बाबांना सांगितलंत का?”

तिने नाही म्हणून मान हलवली.

“मग कोपरा गेल्यावर सांगणार?”

त्या संध्याकाळी तिने जेवताना वडिलांना सगळे सांगितले. रबराचा ठसा, मी, साहेबांची मुदत, सगळे. त्यांनी हात धुतले, खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारले की उद्या कारखान्याला सुट्टी तर नाही ना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, एका हातात काठी, दुसरा हात मुलीच्या खांद्यावर. मास्तरांनी त्यांची वेळ बरोबर साधली होती. प्रेस नुकतीच उघडली होती. मला उचलून शेजारच्या ट्रॉलीवर ठेवले होते, आणि ताजे शीट टेबलावर पसरले होते. प्रेसमधून निघालेले शीट थोडा वेळ कोमट असते. मास्तर तिच्या कानाशी म्हणाले की आज गार म्हणायची सोय ठेवलेली नाही. साहेबही येऊन उभे राहिले होते, घड्याळ बघत.

वडिलांनी काठी मुलीकडे दिली आणि दोन्ही हात शीटवर ठेवले. ठेवले ते ठेवलेच. उन्हात तापलेल्या टेबलाइतकेच ते कोमट होते. मास्तरांनी मुलीकडे बघून भुवया उडवल्या. मग वडिलांनी बोटाचे हाड आपटून बघितले. एकदा इथे, एकदा तिथे.

“लाकूड नाही हे,” ते म्हणाले.

मी ट्रॉलीवर होते, आणि मला तिचा चेहरा दिसत होता. तोंडात मारल्यासारखा झाला होता. वर्षभराचे काम, सहा वेळचे आम्ल, आणि शेवटी निकाल तोच. तिने काठी पुढे केली.

त्यांनी ती घेतली नाही. त्यांचा तळवा शीटवर सरकू लागला होता. हाताने मारलेल्या रंध्याच्या फार सूक्ष्म लाटा लाकडावर राहतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक सुताराच्या लाटा वेगळ्या असतात, कारण प्रत्येकाचा खांदा वेगळा. वडील एक पाऊल बाजूला सरकले, मग आणखी एक.

“लाकूड नाही. पण टेबल आपलंच आहे.”

ते शीटच्या कडेने चालत राहिले, हात पुढे आणि पाय मागून. सहा फूट झाले. आणखी वीतभर पुढे जाऊन ते थांबले आणि थोडे मागे आले. जिथे भिंगाला जोड सापडला नव्हता तिथे त्यांनी बोट टेकले.

“इथे टेबल संपलं. इथून पुढे तू.”

“ओळखलंत?” तिने विचारले.

“माझा रंधा इथे थांबला की.” मग तिने रचलेल्या त्या दोन फुटांवरून त्यांनी हात नेला, आणला, पुन्हा नेला. एखाद्या शिकाऊ सुताराचे काम तपासतात तसा. “बरं केलंयस. रेघ कुठे वळते ते कळलंय तुला.”

मित्रांनो, माझ्यावरून पुढे हजारो शीट निघाली. पारितोषिकाची एक ढालही साहेबांच्या खोलीत आली. पण आम्हा दोघींचे कौतुक झाले ते तिथे आणि तेव्हा. ती मान फिरवून प्रेसच्या कळफलकाकडे बघत राहिली, जणू तिथे काही महत्त्वाचे लिहिले होते.

वडील आता उलट दिशेने निघाले, गाठीच्या कोपऱ्याकडे. कोपरा चारेक बोटांवर राहिला आणि त्यांचा हात थबकला.

ती म्हणाली, “अजून पुढे आहे, बाबा.”

“माहीत आहे.”

मग त्यांनी सांगितले. साहेबांना, मास्तरांना, मुलीला, सगळ्यांना ऐकू जाईल असे, पण चेहरा खाली करून. गाठीपाशी लाकडाची रेघ उलटी फिरते. तिथे रंधाही उलटा धरावा लागतो, हे त्यांनी पुढे पन्नास जणांना शिकवले. पण हे टेबल करताना ते नवखे होते आणि घाईत होते, कारण दुसऱ्या दिवशी लग्न होते आणि नव्या खोलीत टेबल मांडून ठेवायचे होते. रंधा सरळ मारला. गाठीजवळची ढलपी उडाली. भरून काढायला वेळ नव्हता. त्यांनी तो कोपरा भिंतीकडे केला आणि चाळीस वर्षे तसाच ठेवला. बायकोला सांगितले नाही. तिने कधी विचारले नाही. तिकडे ते स्वतःही कधी हात नेत नसत.

“झाडाची नाही ती, माझी चूक आहे,” ते म्हणाले. “बुजवून टाक. साहेब बरोबर सांगतायत.”

साहेबांनी घसा खाकरला. त्यांचा मुद्दा आपसूक मान्य झाला होता.

बुजवायला सांगून झाल्यावर वडिलांचे बोट त्या खळगीत गेले. जखम भरली का बघायला जाते तसे. आणि तिथेच राहिले. मग त्यांनी अंगठा लावला. मग पुन्हा बोट.

“ही धार मी अशी ठेवली नव्हती. ढलपीची कड करकरीत असते, सुरीसारखी. ही गोल झालीय. कोणी घासली?”

मुलीला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती हळू म्हणाली, “आई त्याच कोपऱ्यात बसायची ना, भिंतीकडे.”

“ती उजेडासाठी बसायची. खिडकी होती तिथे.”

“बसायची. पण बोलताना तिचं बोट कायम त्या खळगीत असायचं, बाबा. माझी परीक्षा असली, तुमचं दुखणं असलं, काहीही असलं तरी. मला वाटायचं, झाडाचीच आहे.”

सुताराला हिशेब मांडायला वेळ लागत नाही. सागासारखे लाकूड बोटाने गोल व्हायला किती दिवस लागतात, हे त्या खोलीत त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. शीट तोवर गार झाले असणार. त्यांनी हात काढला नाही.

“म्हणजे माहीत होतं तिला,” ते म्हणाले. आणि नंतर, “मग राहू दे. आता ती माझ्या एकट्याची नाही.”

साहेब म्हणाले की त्यांना सगळे समजते, पण दोन शीट शेजारी लावल्यावर ती दिसणार त्याचे काय. ते खरेच अडचणीत होते. वडिलांनी आवाजाच्या दिशेला तोंड केले.

“दिसते म्हणून अडलंय ना, साहेब? मग दिसू देऊ नका. मला तशीही दिसत नाही.”

पहिल्यांदा हसले ते मास्तर. मुलगी हसली नाही. ती विचारात पडली होती. डोळ्यांची रेघ आणि बोटांची रेघ एकाच जागी आणायची, यासाठी तिने जिवाचे रान केले होते. आता पहिल्यांदा तिने ठरवले की एका जागी ती जुळू द्यायची नाही. दोन दिवसांत तिने कागदावरच्या फोटोतून खळगी पुसली. त्या जागी साध्या रेषा भरल्या. माझ्यावर मात्र उंचवटा तसाच राहिला. थोडा बसका केला, इतका की तिरप्या उजेडातही सावली पडू नये. शीटवर बघायला गेले तर काही नाही. बोट फिरवले तर आहे. साहेबांनी दोन शीट शेजारी लावली, लांबून पाहिली, जवळून पाहिली आणि सही केली.

पुढची वर्षे कामाची होती. दिवसाला आठ-दहा वेळा मी प्रेसमध्ये जायचे. माझ्यावरून निघालेली शीट कुठे-कुठे गेली ते मला माहीत नाही. एक मात्र माहीत आहे. पहिल्या शीटचे टेबल त्या घरात गेले. वडिलांनी स्वतः उभे राहून ते बसवून घेतले, आणि बसवणाऱ्याच्या नाकी नऊ आणले. खळगीचा कोपरा या वेळी त्यांनी भिंतीकडे करू दिला नाही. ते स्वतः त्या बाजूला बसू लागले. मुलगी मास्तरांना सांगायची की रोज सकाळी हात ठेवला की ते म्हणतात, गार आहे. आणि हात तसाच ठेवतात, गरम होईपर्यंत.

चार वर्षांपूर्वी ते गेले. त्या आठवड्यात ती कामावर आली, थेट माझ्याकडे आली आणि माझ्या त्या उंचवट्यावर बोट ठेवून उभी राहिली. मास्तरांनी प्रेस थांबवून ठेवली.

आता लोकांना लाकूड नको, दगड हवा आहे. राखाडी, थंड, रेघ नसलेला. माझा क्रोमही जागोजागी उडाला आहे. कोणीतरी मला पुसताना कापडात खडा राहिला होता, त्याचा एक लांब ओरखडा माझ्या पोटावर आहे. मास्तर असते तर असे झाले नसते. ते निवृत्त झाले. गोदामात माझे तोंड भिंतीकडे करून मला उभे केले आहे. पुढच्या सोमवारी मला घासून पुन्हा कोरी करणार आहेत. मग माझ्यावर दगड उतरवतील. मी तक्रार करत नाही. पोलाद टिकाऊ असते, एका जन्मात त्याला दोन-तीन जन्म मिळतात. फक्त ज्या लाकडाची एकूण एक रेघ मी पाठ केली, त्याला एकदा टेकायचे राहून गेले.

तुमच्याकडे एकच मागणे आहे. घरातल्या टेबलाला, कपाटाला, बाकाला तारेच्या घासणीने घासू नका. ओल्या मऊ कापडाने पुसा, आणि कापड आधी झटका. आणि कधीतरी डोळे मिटून त्यावरून हात फिरवा, कोपऱ्यापर्यंत. गाठीजवळ बोट जरासे खाली गेले, आणि डोळे उघडल्यावर तिथे काहीच दिसले नाही, तर समजा की ते माझे आहे. घाई करू नका. बोट तिथेच राहू द्या. आधी गार लागेल. मग होईल गरम.